पापडाला आलेला पेट्रोलचा वास

 

आज मी कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही, हिशेबाच्या वहीबद्दलही नाही. आज बोलायचे आहे वासाबद्दल. बंद जागेत ठेवलेल्या जुन्या गाडीतून, स्कूटरमधून, लुनातून, नाहीतर कोपऱ्यात ठेवलेल्या बाटलीतून जो पेट्रोलचा वास येतो, त्याबद्दल. हा विषय माझ्याकडे पुस्तकातून आला नाही. माझ्याच घरातून आला, आणि त्यात माझी चूक होती, म्हणून आधी तीच सांगते.

मी राहते नागपूरला, सक्करदऱ्यात. आमच्या वस्तीतल्या गटाच्या नऊ जणी उन्हाळ्यात उडदाचे पापड करतो. मागच्या एप्रिलात आम्हाला अठरा किलोची ऑर्डर मिळाली. नऊ जणींनी चार दिवस लाटले, गच्चीवर वाळवले, पिशव्या भरल्या. आठ दिवसांनी दुकानदाराने सगळा माल परत पाठवला. निरोप एवढाच, "ताई, पापड तळला की पेट्रोलचा वास येऊन राहिला." माझा विश्वास बसला नाही. मी पिशवी फोडून हुंगली, मला काहीच वास आला नाही. मग आमच्या गटातली एक बाई, जी चार दिवस माहेरी गेली होती, ती दारातूनच म्हणाली, "काऊन व ताई, घरात पेट्रोल सांडलं का?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पापड वाळवले गच्चीवर, पण पॅकिंग केले आणि रात्री ठेवले ते खालच्या खोलीत. त्या खोलीचे आतले दार उघडते गाडीच्या खोलीत. खोली रिकामी होती, म्हणून ती जागा मीच सुचवली होती. गावोगावी जाऊन मालाची स्वच्छता शिकवणारी मी, आणि माझ्याच घरात नऊ जणींचा साडेपाच हजारांचा माल वाया गेला. पापडाला तेल लावलेले असते आणि तेलकट वस्तू आजूबाजूचा वास पटकन धरते. हे मला माहीत होते, पण गाडीचा वास वासच वाटत नव्हता. आपल्या नाकाला सवय होते, मैत्रिणींनो. रोज येणारा वास नाक सांगायचेच सोडून देते. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या घरात पेट्रोलचा वास येतो की नाही, हे घरातल्या माणसाला विचारू नका. बाहेरून आलेल्याला विचारा. सकाळी दार उघडायच्या आधी शेजारणीला बोलवा आणि तिला पहिले आत जाऊ द्या.

आता गाडीचे सांगते. माझ्या सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी आहे. आपण सगळे तिला फियाटच म्हणतो. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही गाडी २००० सालाच्या सुमारास बनायची बंद झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. आमच्या बाबांनी ती १९९४ मध्ये कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. तिच्यातून सगळे घर रामटेकला गेले, नणंदेची वरात निघाली, मीही नवरी होऊन तिच्यातूनच या घरात आले. आता ती महिन्यातून एकदा निघते. बाकी दिवस समोरची पडवी तीन बाजूंनी बांधून केलेल्या खोलीत, शटरच्या आड.

माल परत आला त्या संध्याकाळी माझे यजमान म्हणाले, "भंगारात देऊन टाकू." बाबा काही बोलले नाहीत, जेवलेही नाहीत. मला दोन्हीकडचे समजत होते. म्हणून ठरवले, आधी वास येतो कुठून ते तर पाहू.

पेट्रोल हे पाण्यासारखे दिसते, पण पाण्यासारखे वागत नाही. ते उघडे असले की सतत वाफ होऊन उडते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही. जमिनीलगत पसरते, उंबरठ्याच्या फटीतून पलीकडच्या खोलीत जाते, नालीत उतरते, खड्ड्यात साचते. आपल्या स्वयंपाकाचा गॅससुद्धा असाच खाली बसतो. म्हणून वरची खिडकी उघडी ठेवून उपयोग नाही, वाफ खालीच राहते.

आणि ती पेटते किती लवकर? शून्याच्या खाली चाळीस अंशांच्या आसपास थंडी असली तरी पेट्रोलवर पेटू शकेल एवढी वाफ असते. आपल्याकडे तर मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. शंभर भाग हवेत साधारण दीड भाग वाफ मिसळली, की ठिणगी पुरते. ठिणगी म्हणजे काडीच हवी असे नाही. दिव्याचे बटण, फ्रिज सुरू होतानाची कटकट, इन्व्हर्टरच्या बॅटरीची सैल तार, तुळशीजवळची पणती, डासांची कॉइल. वाफ जमिनीवरून सरकत ज्योतीपर्यंत गेली की आग उलट पावली टाकीपर्यंत येते.

शिवाय हा वास अंगालाही बाधतो. बंद खोलीत त्याने डोके दुखते, गरगरते, मळमळते. पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा घटक असतो. सध्याच्या नियमाने तो एक टक्क्याच्या आत ठेवावा लागतो, पण बेंझीनने रक्ताचा कॅन्सर होतो हे जगभर मान्य झालेले आहे. त्या खोलीत पॅकिंगला बसलेल्या दोघी जणी डोके दुखते म्हणत होत्या. मी म्हणाले, ऊन लागले असेल. लहान मुले आणि गरोदर बाया यांना अशा खोलीत बसवूच नये.

मिस्त्री आला. त्याने पहिल्यांदा गाडी ढकलत बाहेर लिंबाखाली नेली. आत सुरू केलीच नाही. मग त्याने एकेक दाखवले.

टाकीच्या झाकणाचा रबरी वायसर वाळून तडकला होता. टाकीपासून येणाऱ्या लोखंडी नळीला जिथे रबरी पाईप जोडलेला असतो, तो बोटाने वाकवला तर त्यावर बारीक भेगा उघडत होत्या. त्याची क्लिप सैल होती. इंजिनजवळच्या पेट्रोल पंपातला रबरी पडदा ओलसर होता. आणि कार्बोरेटरमधली निडल नीट बसत नसल्याने पेट्रोल भरून वाहत होते. चार ठिकाणांहून थोडे थोडे. कुठेच थेंब पडून डबके होत नव्हते, म्हणून आम्हाला कधी गळती दिसली नाही. जिथून गळते तिथेच ते उडून जात होते.

रबर एवढे का खराब झाले? एक तर वय. दुसरे म्हणजे आजच्या पेट्रोलमध्ये ऊस, मका, धान्य यांपासून केलेले इथेनॉल मिसळतात. २०२२ मध्ये ते दहा टक्के होते, २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर आले. नव्या गाड्यांचे रबर त्याला टिकेल असे करतात. जुन्या गाड्यांचे रबर त्या काळच्या पेट्रोलसाठी केलेले. इथेनॉलने ते फुगते, मग तडकते. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. म्हणून जुनी गाडी ठेवायची तर इथेनॉलला चालणारे पाईप आणि वायसर मागून घ्यायचे. साधा पाण्याचा किंवा फवारणीचा पाईप कापून लावायचा नाही.

तरी मिस्त्री एक खरे बोलला. "ताई, सगळं बदललं तरी थोडा वास राहीलच." कारण जुन्या गाडीचे कार्बोरेटर आणि टाकी हवेला उघडी असतात. दिवसा तापले की टाकी वाफ बाहेर सोडते, रात्री गार झाले की हवा आत घेते. नव्या गाडीत ही वाफ धरायला कोळशाचा डबा बसवलेला असतो, जुन्या गाडीत तो नसतो. म्हणून गाडी दुरुस्त केल्यावर आम्ही जागाही दुरुस्त केली.

काय केले ते सांगते. बाबा गाडी फिरवून आणली की लगेच आत घालत नाहीत. गरम इंजिनवर कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळल्यासारखे उडते, म्हणून ती तासभर बाहेर सावलीत गार होते, मग आत जाते. खोलीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींना जमिनीलगत एकेक विटेएवढी दोन-दोन भोके पाडून जाळी बसवली, म्हणजे खालची वाफ खालूनच बाहेर जाईल. बाहेर निघते तिथे चूल, नाली किंवा कुणाची खिडकी नाही ना, ते पाहिले. आत पंखा लावला नाही, कारण साध्या पंख्यातून ठिणगी उडू शकते. इन्व्हर्टर आणि जुना फ्रिज तिथून हलवला. आतल्या दाराची खालची फट रबराची पट्टी लावून बंद केली. टिनाच्या छतावर पांढरा चुना मारला, खोली तेवढीच कमी तापते. गाडी खूप दिवस निघणार नसेल तर बाबा मिस्त्रीकडून उघड्यावर टाकी रिकामी करून घेतात आणि कार्बोरेटरही कोरडे करतात.

इथे एक सावधगिरी. रिकामी टाकी म्हणजे निर्धोक टाकी नाही. आत वाफ असतेच. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला किंवा डब्याला वेल्डिंग करायला, डाग द्यायला कुणालाही घाईने देऊ नका. त्यात स्फोट होऊन माणसे मेली आहेत.

आणि काय करायचे नाही, तेही ऐका. वासावर फिनाईल, कापूर, उदबत्ती नको. उदबत्तीने वास झाकतो, धोका वाढतो. वास एकदम जोरात आला तर दिवा लावू नका आणि लागलेला विझवूही नका, बटणाला हातच लावू नका. दारे उघडा, माणसे बाहेर काढा.

या सगळ्याला आम्हाला साडेतीन हजार खर्च आला. गाडी भंगारात गेली नाही. पापडाची जागा मात्र मी कायमची बदलली. खोली आता बिनवासाची वाटते, तरी खाण्याचा माल तिथे परत ठेवणार नाही. दुरुस्ती झाल्यावर बाबा आठवडाभर रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवायचे आणि सकाळी डाग पडला का ते मला आणून दाखवायचे. नऊ जणींचे नुकसान मी माझ्या मानधनातून तीन महिन्यांत भरून दिले. गटातल्या दोघी घ्यायला तयार नव्हत्या. मी म्हटले, चूक वहीत लिहिली नाही तर ती पुन्हा होते.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आमच्याकडे कुठली आली फियाट? बरोबर. पण हीच गोष्ट मी उमरेड आणि कुही भागातल्या गटांच्या बैठकीत सांगितली, तेव्हा बाया एकेक बोलू लागल्या. एकीची जुनी लुना स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून, चुलीपासून चार हातांवर. एकीच्या घरी स्कूटर चोरीला जाईल म्हणून रात्री खाटेशेजारी. जवळजवळ प्रत्येकीच्या घरी फवारणीच्या पॉवर पंपासाठी पेट्रोल, पाण्याच्या बाटलीत. कुठे धान्याच्या कोठीमागे, कुठे मुलांच्या दप्तराच्या फळीवर. म्हणजे माझ्या घरी होते तेच, फक्त चार चाके नाहीत.

लुना, स्कूटर, मोटारसायकल शक्यतो बाहेर, छपरीत, साखळी-कुलूप लावून ठेवा. आत घ्यावीच लागली तर पेट्रोलचा कॉक बंद करा. जुन्या गाडीला कॉक असतो, पण फिरवायचे लक्षात राहत नाही. चूल, देवघर, गॅसची शेगडी आणि झोपायची जागा यांच्याजवळ गाडी नको. गाडी आडवी पडू देऊ नका. पंपातले पेट्रोल फवारणी झाली की संपवा आणि पंप घरात नाही, गोठ्यापासूनही दूर, हवेशीर ठेवा.

बाटलीबद्दल जरा जास्त बोलते. पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे. विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते, पण कशात, हेही त्या कायद्यात सांगितलेले आहे. घट्ट झाकणाचे काचेचे, चिनीमातीसारख्या दगडी किंवा धातूचे भांडे. काचेचे, दगडीचे एक लिटरपेक्षा मोठे नको, धातूचे पंचवीस लिटरपेक्षा मोठे नको. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीचे त्यात नाव नाही. आणि परवान्याशिवाय किराणा दुकानात बाटलीतून पेट्रोल विकणे तर कायद्याबाहेरच आहे. या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या देशाच्या संघटनेची, पेसोची, मुख्य कचेरी आपल्या नागपुरातच सेमिनरी हिल्सला आहे. म्हणजे साऱ्या देशाचे नियम आपल्या गावातून सांभाळले जातात, आणि आपणच बाटली फळीवर ठेवतो.

बाटलीचा खरा धोका मुलांना. तहानलेले मूल पाणी समजून घोट घेते. असे झाले तर त्याला उलटी करायला लावू नका. बोट घालू नका, मीठपाणी पाजू नका. उलटी होताना पेट्रोल फुप्फुसात जाते आणि पोटात गेलेल्यापेक्षा तेच जास्त घात करते. मूल खोकत असेल, धाप लागली असेल तर एक मिनिट घालवू नका. १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा, बाटली सोबत न्या. याच कारणाने नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढणेही बंद करा. घरधन्याला सांगा, पोरांना सांगा.

आपल्या पिढीने रॉकेल हाताळले आहे. रॉकेल वातीशिवाय, तापल्याशिवाय सहजी भडकत नाही, म्हणून आपल्या हाताला एक सवय झाली. ओल्या लाकडांवर थोडे ओतायचे, काडी लावायची. आता रेशनवर रॉकेल मिळेनासे झाले आणि काही घरांत त्या जागी पेट्रोल आले. ही सवय जीव घेते. पेट्रोल ओतून काडी पेटवेपर्यंत वाफ तुमच्या लुगड्यापर्यंत आलेली असते. चूल, कचरा, धुरे पेटवायला पेट्रोल कधीच नाही.

सांडलेच तर त्यावर माती किंवा वाळू टाका, ती भरून मोकळ्या जागेत पसरवा. पाणी ओतून नालीत लोटू नका. पेट्रोल लागलेले कपडे आधी बाहेर वाऱ्यावर पूर्ण वाळवा, मग धुवा. आग लागली तर पाणी नको, पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. वाळू, माती, नाहीतर कोरड्या पावडरचे अग्निशामक. आटोक्यात नसेल तर माणसे बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ लावा.

शेवटची एक गोष्ट, जिला वास नाही. बंद खोलीत गाडी, जनरेटर किंवा पंप सुरू ठेवला तर धुरातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो दिसत नाही, हुंगता येत नाही, झोपेतच माणूस जातो. हिवाळ्यात सकाळी "इंजिन गरम करतो" म्हणून पडवीत गाडी सुरू ठेवणाऱ्यांना बाहेर काढा.

आता काम सांगते, कारण सहयोगिनी काम सांगितल्याशिवाय उठत नाही. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की दोन-दोन जणींच्या जोड्या करा. प्रत्येकीने आपल्या नाही, दुसरीच्या घरात जायचे. चार गोष्टी पाहायच्या. वास येतो का? पेट्रोल कशात ठेवले आहे? गाडी आणि विस्तव यांत अंतर किती? मुलाचा हात पोहोचतो का? जे सापडेल ते त्याच दिवशी हलवायचे आणि ठरावाच्या वहीत लिहायचे. पापड, मसाला, शेवया करणाऱ्या गटांनी माल कुठे ठेवतो ती जागा पहिली तपासावी.

यंदाही आमच्या नऊ जणींनी पापड केले. तोच दुकानदार, बारा किलो. त्याने एक पापड समोर तळून पाहिला, खाल्ला आणि पैसे मोजले.